फाईल उघडत न्हाई

“पोरी, तुझा अर्ज आमच्याकडं उघडलाच न्हाई. वर्डमधी पाठवायचा व्हता. काल मुदत गेली, आता पुढच्या वर्षी ये,” वसतिगृहाचे क्लार्क भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले.

बोरी बुद्रुकहून दोन एसट्या बदलून आलेल्या अमृताचं डोकंच फिरलं. “माझ्या लॅपटॉपवर वर्ड न्हाई, लिनक्स हाय, म्हणून? तीन आठवड्यांत एक फोन करवला न्हाई तुमाला? सरका!” तिने माउस ओढून घेतला, फाईलवर राइट क्लिक केलं आणि यादीतून वर्ड निवडलं. अर्ज उघडला, फोटोसकट. “तुमच्याच वर्डमधी उघडलाय. बघा.”

भाऊसाहेब वरमले. “हेड ऑफिसची पण अशीच एक फाईल पडलीय. तेवढी बघतेस?”

अमृताने ती उघडली. ज्यांना बदली हवी, त्यांनी भरून पाठवायचा फॉर्म होता.

भाऊसाहेब ताडकन उठले. “सहा वर्षं ह्याचीच वाट बघतोय! बायकापोरं तिकडं सांगोल्याला. आत्ताच्या आत्ता भरतो.”

अमृताने तळाची तारीख वाचली आणि पिशवी खांद्याला लावली.

“मुदत गेली, भाऊसाहेब. आता पुढच्या वर्षी या.”