खरखरीचा पत्ता

खरखर पुन्हा सुरू झाली.

तिने सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं आणि डोकं हातात धरलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाळीस वर्षांपूर्वीचा ट्रान्झिस्टर पोट उघडं टाकून पडला होता. आत कोणी बाई बातम्या देत होती, आणि तिच्या प्रत्येक शब्दावरून कोणीतरी वाळलेली पानं तुडवत चाललं होतं.

आज शनिवार. पाचला मास्तर दुकान बंद करणार.

मास्तर म्हणजे चौकातले रेडिओ दुरुस्त करणारे. वीस वर्षांची टायपिस्टची नोकरी गेल्यावर ती त्यांच्याकडे गेली होती. सेहेचाळिसाव्या वर्षी हे काम शिकायचंय म्हटल्यावर ते हसले नाहीत. फळीवरचा एक मेलेला सेट, सुट्या भागांचा डबा आणि पानं सुटलेलं एक पुस्तक त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. "शनिवारी आणा. स्वच्छ वाजला, तर सोमवारपासून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसा. नाही वाजला, तर हा नाद सोडा."

सोमवारी तिने एक फुगलेला कंडेन्सर बदलला, सेलच्या स्प्रिंगांवरचा हिरवा गंज खरवडला, बटण फिरवलं, आणि आतून माणूस बोलला! ती खुर्चीवरून उठली आणि ओट्यापासून दारापर्यंत चक्क नाचली. मग त्या माणसामागून खरखर आली, ती आजतागायत हटली नव्हती. मंगळवारी तिने आवाजाचं बटण बदललं. बुधवारी आतले दोन छोटे ट्रान्झिस्टर. गुरुवारी स्पीकर. शुक्रवारी उरलंसुरलं सगळं. बोटांना तीन चटके बसले. तरी सकाळी उठल्याबरोबर हात शिवशिवायचे. दुसऱ्यांची पत्रं टाइप करताना छातीत असं कधी धडधडलं नव्हतं.

"अगं, काय म्हणतोय तुझा डबा?" आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं. "आण इकडे. जग कुठे बुडालंय ते मलाही कळू दे."

सासूबाईंचा पाय महिनाभर प्लास्टरमध्ये होता. दिवसभर पलंगावर पडून, शेजारी हीटर लावून त्या खिडकीबाहेर बघत. जिभेला मात्र प्लास्टर नव्हतं.

ती सेट उचलून आत गेली. उंबऱ्यातच खरखर वाढली. पलंगापाशी पोचेपर्यंत बातम्या देणारी बाई पार बुडाली.

"घ्या!" सासूबाई म्हणाल्या. "लांबून बरा बोलतो, जवळ आला की भांडतो. थेट तुझ्या नवऱ्यावर गेलाय."

ती हसली. हसता हसता थांबली.

सेट तोच. सेल तेच. मग दहा पावलांत एवढा फरक पडला कसा?

ती मागे सरकली. खरखर कमी. पुढे आली. जास्त. खिडकीकडे नेला, कमी. पलंगाच्या उशाकडे नेला आणि सेट अक्षरशः किंचाळला. तिथे भिंतीवर विजेचा बोर्ड होता.

"आई, हलू नका."

"हलतेय कशाला? इथे काय फुगडी घालतेय मी?"

तिने हीटरचं बटण बंद केलं.

खरखर गेली. एकदम. "उद्या आकाश निरभ्र राहील," बाई स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाली. तिने हीटर लावला. खरखर. बंद केला. निरभ्र!

"आई, नीट आहे! सेट नीट आहे! सोमवारपासून नीट आहे हा!" तिने सेट छातीशी धरला आणि दुसरा हात आनंदाने त्या बोर्डावर थापटला.

हात तिने झटकन मागे घेतला. बोर्ड तव्यासारखा तापला होता.

पुढचं सगळं पळतच झालं. तिने घराचा मेन स्विच पाडला. पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून चौक गाठला. सेट घरीच राहिला. मास्तर कुलूप हातात घेऊन उभे होते. तिच्या तोंडून दोनच शब्द धड बाहेर पडले, "बोर्ड" आणि "सासूबाई". ते तसेच निघाले.

त्यांनी बोर्ड उघडला. आत एक स्क्रू सैल झाला होता. तारेवरचं आवरण वितळून तांबं उघडं पडलं होतं. मागची लाकडी पट्टी कोळशासारखी काळी झाली होती. तिथून वीतभर खाली सासूबाईंच्या गादीची कड होती.

"आत ठिणग्या उडत होत्या," मास्तर म्हणाले. "तुमचा सेट त्याच ऐकत होता."

"किती दिवस निघाले असते?" तिने विचारलं.

"दिवसांचं सोडा. आजची रात्र निघाली असती की नाही, मला सांगता यायचं नाही."

सासूबाईंनी सुनेचा हात धरला.

तिला राहवेना. "मास्तर, खरं सांगते. सेट सोमवारीच झाला होता. पुढचे चार दिवस मी चांगले भाग काढून चांगलेच भाग बसवत होते. मला कळलंच नाही."

मास्तरांनी त्या काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"माझ्याकडे कोणी ही तक्रार घेऊन आलं असतं ना," ते म्हणाले, "तर मी पाच मिनिटांत खरखर घालवली असती. आवाजाच्या वाटेवर एक कंडेन्सर टाकायचा. खरखर दबते. चाळीस वर्षं तेच करतोय. लोक खूश होऊन सेट घरी नेतात."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला.

"सोमवारी या. आणि ती युक्ती मला कधी विचारू नका."