दहापैकी दहा

"सिस्टर, ऐंशी कोटी दुखतंय!" बोट कापलेला तरुण ओरडला. हेमलता सिस्टरने आकडा रुग्णांची रांग लावणाऱ्या यंत्रात टाकला. यंत्राने त्याला पहिला नंबर दिला. सकाळपासून कोटीखाली कुणी बोलतच नव्हतं. तिचे कान किटले होते.

मग छाती धरून बसलेल्या म्हाताऱ्या केळुसकरांची पाळी आली.

"काका, किती दुखतंय?"

"दहा."

"दहा कोटी?"

"नुसते दहा. दहापैकी."

यंत्राने त्यांना शेवटचा नंबर दिला.

"काका, वाढवून सांगा हो!"

"जन्मभर व्हिडिओ गेम बनवले, सिस्टर. साध्या ठोशाच्या गुणांपुढे शून्यं मीच चिकटवली, खेळणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. आज खरंच दुखतंय. खरं सांगू दे."

हेमलताने दहापुढे शून्याचं बटण दाबलं, आणि बोट उचललंच नाही.