तिसऱ्या गाण्यानंतर

माझ्या थापा घरात सगळ्यांना पाठ आहेत, पण हे अगदी शपथेवर खरं. लोकगीतांच्या वळणाची रॉक गाणी लिहून गाणाऱ्या आमच्या लाडक्या गायकाची मैफल रेकॉर्ड झाली, तेव्हा दादा पहिल्या रांगेत होता. तिसऱ्या गाण्यानंतर तो असा खोकला, की ड्रमवाला दचकला. दादा गेल्यावर वहिनी तेवढ्या खोकल्यासाठी दर रविवारी ती तबकडी लावायच्या. परवा ती फुटली. पुतणीनं नवी आणली. “काका, यातली सगळी खरखर साफ केलीय!” मी ती लावली. वहिनींना आता दिसत नाही. त्या कान देऊन बसल्या. तिसरं गाणं संपलं आणि नुसती शांतता. वहिनींचा चेहरा उतरू लागला, तसा मीच खोकलो. चौथं गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांचा खोकला याहून कोरडा होता. सुई मागे घ्या.”