डोळे मिटून मतदान

"एक जरी ठिणगी उडाली, तरी कांद्याच्या चाळी पेटतील," विजयश्री म्हणाली आणि खाली बसली.

फुटबॉल मंडळाची बैठक चालली होती. वाळक्या बांबूच्या त्या चाळी मैदानाला लागूनच होत्या, आणि विजयश्री चाकणच्या एका कंपनीत आगीच्या सुरक्षेचंच काम बघायची. तिच्यापुढे काय बोलणार?

बोलला तो तिचाच नवरा. ज्ञानेश हा कुरुळीच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांचा म्होरक्या. गोल झाला की लाल धूर-उजेड सोडणारी नळकांडी, म्हणजे फ्लेअर, पेटवून उंच धरायची, ही रीत त्यानंच पाडलेली.

"आठवडाभर शिफ्टला मान खाली घालून राबतो आपण," तो म्हणाला. "रविवारी एकदा पेटवली तर काय बिघडलं? पोरांना जोर येतो. फ्लेअरशिवाय मॅच म्हणजे ओव्हरटाइमच की राव."

टाळ्या पडल्या. विजयश्रीही हसली.

घरी दोघांचा हाच वाद चालला होता. पोळ्या लाटताना, स्कूटरवर, कुठंही. भांडण मात्र कधी झालं नाही. "पटत नाही मला," ती म्हणायची, "पण त्या लाल उजेडात तू परभणीहून नवा नवा आला होतास ना, तेव्हासारखा दिसतोस. एवढं खरं."

अध्यक्ष अर्जुनराव. मैदानाची जमीन त्यांचीच. शेवटी ते म्हणाले, "डोळं मिटा समद्यांनी. पेटवायची म्हणणाऱ्यानं हात वर करा. कुणाचा हात कुठं हाय ते माझ्यापाशीच ऱ्हाईल."

ज्ञानेशनं डोळे मिटले आणि त्याला मागच्या उन्हाळ्यातली विजयश्री दिसली. कंपनीत रंगकामाच्या विभागात आग लागली होती. ती विझवून घरी आली, आणि काही न बोलता पुन्हा पुन्हा केस धूत राहिली. तरी उशीला कितीतरी दिवस धुराचा वास येत होता.

त्याचा हात मांडीवरच राहिला.

"एका हातानं पडला ठराव," अर्जुनराव म्हणाले. "यंदा फ्लेअर न्हाई."

सगळ्यांच्या नजरा विजयश्रीकडे वळल्या. संघाचा ढोल वाजवणारा पिंटू तर तोंडावरच म्हणाला, "वहिनी, तुमच्या एका मतानं घात केला."

"चहा घे, गार होतोय," ती म्हणाली.

पुढचे दिवस तिला हेच ऐकावं लागलं. किराणा दुकानात, कंपनीच्या बसमध्ये. ती हसून सोडून द्यायची. ज्ञानेशला मात्र घास गोड लागेना.

रविवारी कुरुळीनं गोल केला. धूर नाही, रंग नाही, नुसता ढोल वाजला. वाजवता वाजवता पिंटूनं विजयश्रीकडे रागानं बघितलं. ते ज्ञानेशला सोसलं नाही. तो उठून तडक अर्जुनरावांच्या खुर्चीपाशी गेला.

"आबा, माझा हात खाली होता, तुम्हाला ठाऊक आहे. बोलणी मात्र ती खातेय. आज पोरांना सांगूनच टाकतो."

"सांग की," अर्जुनराव खेळावरची नजर न काढता म्हणाले. "पर आदी तिला इचार."

"तिला कशाला विचारू? ती तर सगळ्यांदेखत नाही म्हणाली होती."

"म्हनली व्हय," अर्जुनराव म्हणाले. "पर डोळं मिटल्यावर तिचा हात वर हुता."