बेटाची रंगीत तालीम

फिटरनं खडूचा तुकडा घेऊन आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी रेघ ओढली आणि उठून गुडघे झटकले. "इथपर्यंत बेट," तो म्हणाला. "पलीकडे समुद्र. समुद्रात कुणी पाय घालायचा नाही."

त्याची बायको पडद्यांच्या कापडाचा गठ्ठा उराशी धरून उभी होती. तिचं शिलाई मशीन आतल्या खोलीतच होतं. म्हणजे आता तेही बाहेर येणार, सासूबाईंच्या कॉटच्या पायथ्याशी.

झालं होतं असं. कारखाना आपल्याला एका बेटावर पाठवतोय, खारं पाणी गोडं करणाऱ्या पंपांवर, असं फिटरनं घरी येऊन सांगितलं. पगार दुप्पट. पण तिथं सगळं बोटीनं येतं, त्यामुळे भाव तिप्पट, आणि चौघांना मिळून एकच खोली. परवडेल का? जाऊन तोंडघशी पडण्यापेक्षा इथंच बेटासारखं राहून बघू, ही कल्पनाही त्याचीच. आतली खोली भाड्यानं द्यायची. भाड्यावर आणि तिच्या शिवणावर घर चालवायचं. त्याच्या पगाराला हातच लावायचा नाही, तो तिथल्या जागेसाठी बाजूला टाकायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. या बहाद्दरानं आधी अंथरूणच कापायला घेतलं.

समुद्र लवकरच राहायला आला. दाताच्या दवाखान्यात काम करणारी एक धिप्पाड बाई होती, स्वभावानं गरीब, पण घोरायची. "भरती आली," असं म्हणून लेक डोक्यावर उशी घ्यायची.

सुरुवातीला गंमत वाटली. साखर संपली की बोट आली नाही, आणि बाबांना उशीर झाला की त्यांची बोट चुकली. सासूबाईंनी तर जाहीर करून टाकलं, की मला मेलीला तिथं नेऊ नका. तिथं मरणसुद्धा बोटीनं येत असेल, कोण त्याची वाट बघत बसणार?

मग गंमत आटली. शिवताना तिचं कोपर भिंतीवर आपटायचं. कपडे बदलायचे तर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. लेक जिन्यात बसून अभ्यास करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी पाय आखडून घ्यायची. भांडायलासुद्धा जागा उरली नाही. नवऱ्याला दोन शब्द सुनावायचे तर ते सासू, लेक आणि समुद्र, तिघांच्या कानांवरून जायचे. आणि एवढं सोसून मिळणार काय, तर अशीच एक खोली आणि चहूकडे पाणी.

नाही म्हणायला एक गोष्ट सुधारली. इतकी वर्षं फिटरच्या नखांतलं ग्रीस कुठल्याच साबणाला दाद देत नव्हतं, घरातला टॉवेल कायम काळा. आता टॉवेल पांढरा राहू लागला. बेटावर जाणाऱ्यांना नवे हातमोजे दिलेत, तो म्हणाला. चला, तेवढाच साबण वाचला, असं तिला वाटलं.

नको जाऊ या, असं तिनं एकदा म्हणून पाहिलं. त्याचा चेहरा असा काही पडला, की तिनंच विषय बदलला. अजून थोडं बघू, परवडतं का ते एकदा कळू दे, एवढंच तो म्हणाला.

पण एके दिवशी मैत्रिणीकडून आलेली लेक दारातच घुटमळली. "आई, मी परीक्षेपर्यंत तिच्याकडेच राहू का? तिथं दार लावून बसता येतं."

त्या दिवशी मात्र तिचं ठरलं. खड्ड्यात गेला तो दुप्पट पगार. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या हातात डबा देताना तिनं सांगून टाकलं, की संध्याकाळी माझं काय ते उत्तर देते. त्यानं मान हलवली आणि तो निघाला. दुपारी तिनं ठेवणीतले कपडे घातले आणि थेट कारखाना गाठला. नवऱ्याला कळू न देता फोरमनच्याच पाया पडायचं, असं तिनं ठरवलं होतं.

फोरमन ओळखीचा होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"यांना बेटावर पाठवू नका," ती म्हणाली. "दुसरं कुणीतरी बघा. आमच्यानं नाही निभणार."

फोरमन तिच्याकडे बघत राहिला. "कुठलं बेट, वहिनी?"

"ते पंपांचं काम."

"पंपांचं काम तर कधीच बंद झालं." त्यानं आवाज खाली आणला. "तेव्हाच आम्ही सहा माणसं कमी केली. त्यात पहिला तोच. घरी बोलला नाही का?"

बाहेर कुणीतरी लोखंडावर घण घालत होतं.

"बोलले होते," ती उठत म्हणाली. "माझ्याच डोक्यात काहीतरी भलतं बसलं."

संध्याकाळी फिटर आला. आज फार दमलो म्हणाला. मोरीत जाऊन त्यानं हात धुतले, बराच वेळ, साबण लावून, आणि पांढऱ्या टॉवेलला पुसले. मग तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काय ठरवलंस?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज पार तळाला गेला होता.

उंबऱ्याजवळची रेघ येण्याजाण्यानं पुसट झाली होती. मशीनच्या खणात शिवणाचा खडू होता. तो घेऊन ती खाली वाकली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं रेघ पुन्हा ठळक केली.

"माझी तालीम अजून कच्ची आहे," ती म्हणाली. "चालू ठेवू या."