गोडखाऊ

हृदयविकाराच्या वॉर्डाबाहेर डॉक्टरांनी गणिताच्या बाईंसमोर त्यांच्या यजमानांची फाइल उघडली. “घरात मधुमेह कुणाला आहे?”

“मला. नऊ वर्षं झाली,” बाई म्हणाल्या. “ह्यांची साखर अगदी नॉर्मल आहे हो. दर वर्षी माझ्याबरोबर तपासून घेतात.”

“त्यांना मधुमेह नाहीच. पण साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचे हे दर वर्षीचे आकडे बघा. पाच पॉइंट एक, मग पाच पॉइंट तीन, मग पाच पॉइंट चार, आता पाच पॉइंट सहा. मर्यादेच्या आत राहून चढतच गेलेत. मधुमेह नसला तरी एवढ्यानेही हृदयाचा धोका वाढतो. गोड फार खातात का?”

गणिताच्या बाई असूनही त्यांनी दर वर्षी फक्त त्या वर्षाचा आकडा पाहिला होता.

“फार! शाळेत रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो. मुलांनी दिलेला केक, चॉकलेटं मी पर्समधून घरी आणते. पर्स टेबलावर ठेवायचा अवकाश, हे सगळं फस्त करतात. मला तुकडासुद्धा ठेवत नाहीत. इतका हावरा माणूस मी बघितला नाही.”

संध्याकाळी बाईंना पाच मिनिटं आत सोडलं. त्यांनी यजमानांचं पांघरूण सारखं केलं आणि वर्गातल्या आवाजात बजावलं, “आजपासून गोड बंद. कायमचं.”

“सुटलो बुवा,” ते हळूच म्हणाले. “मला कुठे गोड आवडतं? घरात उरलं तर तू खाशील, म्हणून संपवत होतो.”