विश्वासाचं माणूस

“आ करा, जीभ वर,” सिस्टर म्हणाली आणि माझ्या नवऱ्याने शहाण्या मुलासारखी जीभ उचलली. तिने जिभेखाली गोळी ठेवली. ती विरघळेपर्यंत दहा मिनिटं बोलायचं नाही. घरी मी गप्प करायला गेले की हे गल्ली डोक्यावर घ्यायचे!

यांना पाठदुखीच्या गोळ्यांचं व्यसन लागलं, तेव्हा पाकिटं मी लपवायचे. अंगाला कापरं भरलं की हे माझाच पदर धरून एक गोळी मागायचे. आता या नव्या औषधाने कापरं थांबलंय, आणि रोज सकाळी दाढी करून निघतात ते हिच्याकडे.

“सोमवारपासून गोळ्या घरी न्या,” सिस्टर म्हणाली. “पण रोज जिभेखाली ठेवायला विश्वासाचं माणूस हवं. कुणाचं नाव लिहू?”

यांना बोलता येत नव्हतं. क्षणाचाही विचार न करता यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी पर्स उघडली आणि जुन्या गोळ्यांचं पाकीट सिस्टरच्या टेबलावर ठेवलं. “आधी हे घ्या,” मी म्हणाले.

यांनी परत कधीतरी माझा पदर धरावा, म्हणून ते मी जपून ठेवलं होतं.